नवोदय, शिष्यवृत्ती अन् हुशार पोरं : फॉर्म कुठं चुकतो, निकालावर दाद कुठं मागायची?

नांदे (ता. मुळशी) : "पोरगं हुशार आहे, नवोदयला बसवा," असं गुरुजींनी सांगितलं की घरात धावपळ सुरू होते. पुस्तकं येतात, क्लास लागतो, मोबाईलवर सराव प्रश्नांचे ग्रुप जोडले जातात. अभ्यासाकडं सगळ्यांचं लक्ष असतं. पण नांदे, लवळे, चांदे या पट्ट्यात जागा हुकण्याचं एक कारण अभ्यासाच्या बाहेरचं असतं. पोरगं तिसरी, चौथी, पाचवीला कुठल्या गावच्या शाळेत होतं, हे ते कारण. हा निर्णय घरात झालेला असतो दोन वर्षं आधी, तेव्हा नवोदयचं नावही कुणी काढलेलं नसतं.

म्हणून आधी नवोदयचं नीट समजून घेऊ, मग शिष्यवृत्ती आणि बाकीच्या परीक्षा.

नवोदय म्हणजे काय

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ग्रामीण भागातल्या गुणी मुलांसाठी जिल्ह्याला एक निवासी शाळा, अशी कल्पना मांडली गेली. सुरुवातीला प्रायोगिक म्हणून दोन शाळा निघाल्या, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. आज पुणे जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप इथं आहे. शाळा केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालय समितीची. समितीचं मुख्य कार्यालय नोएडाला, आणि महाराष्ट्र, गुजरात, गोव्यासाठीचं विभागीय कार्यालय पुण्यातच आहे.

सहावी ते बारावी शिक्षण. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला ६०० रुपये घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली मुलं यांना तोही माफ. पालक सरकारी नोकरीत असतील तर ही रक्कम जास्त असते.

एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी, किमान एक तृतीयांश मुलींसाठी. इतर मागासवर्गीयांना २७ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण ठरलेल्या किमान टक्क्यांच्या खाली नाही. संपूर्ण जिल्ह्यातून ८० जागा म्हटल्यावर चुरस किती ते वेगळं सांगायला नको.

सूसच्या शाळेत गेलं की 'शहरी'

ग्रामीण कोट्यासाठी अट अशी आहे : मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली असावीत. या तीन इयत्तांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. घर कुठं आहे याला इथं किंमत नाही, शाळा कुठं आहे ते बघतात.

आता मुळशीचा नकाशा डोळ्यासमोर आणा. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत गेली. शाळांच्या पाट्यांवर, जुन्या दाखल्यांवर, लोकांच्या बोलण्यात मात्र अजून 'ता. मुळशी' असतं. नांद्यातून सकाळी पिवळी बस भरून पोरं सूस, बाणेर, बालेवाडीच्या इंग्रजी शाळांत जातात. घर ग्रामपंचायतीत, घरपट्टी ग्रामपंचायतीला, रेशनकार्ड पौड तहसीलचं, तरी नवोदयच्या हिशोबात ते मूल शहरी. शहरी मुलांना बसता येतं, पण त्यांच्या वाट्याला जागा थोड्या, त्यातही ग्रामीण मुलं गुणांवर येतात. साहजिकच स्पर्धा कितीतरी कठीण होते.

दुसरा फटका पाचवीला बसतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला 'मोठ्या शाळेत' घालायचं म्हणून पालक बाणेर-पाषाणकडं वळतात. तिसरी-चौथी गावात काढून पाचवी शहरात केली की आधीची दोन वर्षं वाया. ज्यांना नवोदयचा विचार करायचाय त्यांनी तो मूल दुसरीत असतानाच करावा, आणि पाचवीसाठी शाळा निवडताना ती ग्रामपंचायत हद्दीत आहे का हे मुख्याध्यापकांना तोंडावर विचारावं.

पीएमआरडीएवरून बराच गोंधळ होतो. गाव पीएमआरडीएच्या हद्दीत आलं म्हणून ते आपोआप शहरी होत नाही. शासनाच्या अधिसूचनेनं जो भाग नागरी ठरलाय तो शहरी, बाकी ग्रामीण, असा नियम आहे. शंका असेल तर शाळा ग्रामीण भागात असल्याचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच मागून ठेवावा. निवड झाल्यावर कागदपत्रं तपासताना हा दाखला लागतोच, आणि तेव्हा दहा दिवसांत धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

कामानिमित्त मराठवाड्यातून, सोलापूरकडून इथं आलेली कुटुंबं या पट्ट्यात बरीच आहेत. त्यांच्यासाठी वेगळी अट महत्त्वाची : मूल ज्या जिल्ह्यातून परीक्षा देणार त्याच जिल्ह्यात पाचवीला शिकत असलं पाहिजे आणि पालकही त्याच जिल्ह्यातले रहिवासी हवेत. तिसरी-चौथी बीडच्या खेड्यात झाली असली तरी चालतं, ती शाळा ग्रामीणच धरली जाते. पण दाखले जपून ठेवावे लागतात. वर्षाच्या मधेच गावी जाऊन तिथं नाव घातलं तर मात्र अडचण येते.

फॉर्म भरताना

फॉर्म ऑनलाइन, नवोदय समितीच्या सरकारी वेबसाइटवर. फी नाही. कुणी फॉर्मचे पैसे मागत असेल तर ते सायबरवाल्याच्या कामाचे, सरकारचे नव्हेत. साधारण जूनच्या आसपास नोंदणी सुरू होते. आधी मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र तयार करायचं, मग त्याचा, मुलाच्या फोटोचा, मुलाच्या आणि पालकांच्या सहीचा फोटो काढून अपलोड करायचा. प्रत्येक फाइल १० ते १०० केबीच्या दरम्यान, जेपीजी प्रकारातली. मोबाईलच्या कॅमेऱ्यातला फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो, तो लहान करावा लागतो. मुलाची सही मुलानंच करायची. आईनं 'जरा नीट दिसू दे' म्हणून करून दिलेली सही केंद्रावर जुळत नाही.

वयाची अट दर वर्षी एका वर्षानं सरकते. २०२६-२७ च्या सहावी प्रवेशासाठी १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ दरम्यान जन्मलेली मुलं पात्र होती. यावरून पुढच्या वर्षांचा हिशोब लावता येईल, तरी त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघावीच.

मोबाईल नंबर घरचा द्या. ही गोष्ट बारीक वाटते. सायबर कॅफेत गर्दीच्या दिवशी कॅफेवालाच आपला नंबर टाकून मोकळा होतो. मग प्रवेशपत्र, निकाल, प्रतीक्षायादीचा निरोप सगळं त्याच्या मोबाईलवर. नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख वहीत लिहून ठेवा.

शेवटची तारीख संपल्यावर दोन-एक दिवस दुरुस्तीची खिडकी उघडते. त्यात लिंग, प्रवर्ग, ग्रामीण की शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम एवढ्याच गोष्टी बदलता येतात. संपूर्ण प्रक्रियेतला दुरुस्तीचा हा खरा मौका, आणि तो फार कमी पालकांना ठाऊक असतो. फॉर्म भरला की प्रिंट काढून या पाच रकाने बोट ठेवून वाचायचे.

प्रवर्गाबद्दल एक सूचना. नवोदय केंद्राची संस्था असल्यानं इतर मागासवर्गासाठी केंद्राची यादी चालते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्यात भटक्या-विमुक्तांना वेगळं आरक्षण आहे, केंद्रात तो स्वतंत्र कप्पा नाही. यातल्या धनगर समाजासारख्या जाती केंद्राच्या इतर मागासवर्ग यादीत आहेत, कुणबीही आहेत. राज्यानं मराठा समाजाला दिलेलं एसईबीसी आरक्षण इथं लागू होत नाही. कातकरी, महादेव कोळी कुटुंबांनी अनुसूचित जमातीचा दाखला वेळेत काढावा. मुळशीच्या पश्चिम भागात हा दाखला नाही म्हणून खुल्यातून फॉर्म भरला जातो, आणि हक्काची जागा हातची जाते. दाखला देण्यात कार्यालय ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर करत असेल तर लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं. अर्ज केल्याची पावती मात्र हातात पाहिजे.

परीक्षा

दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणित २० प्रश्न २५ गुणांना, भाषा २० प्रश्न २५ गुणांना. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. निम्मे गुण आकृत्यांचे : वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, घडी घातलेल्या कागदाला पाडलेली भोकं, मालिका पूर्ण करा असले. शाळेच्या पुस्तकात हे फारसं नसतं, त्यामुळं वर्गात पहिलं येणारं पोरगं इथं अडखळू शकतं आणि मागच्या बाकावरचं निघून जातं. महागडा क्लासच लागतो असं नाही. जुने पेपर आणि रोज अर्धा तास पुरेसं ठरतं, पण ते सहा महिने सलग हवं.

भाषेचे प्रश्न उतारे वाचून सोडवायचे असतात. रोज पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचून घेतली तरी बरीच तयारी होते.

उत्तरं ओएमआर पत्रिकेवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं गोल रंगवून द्यायची. पेन्सिल नको, खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. दहा वर्षांच्या मुलाला हे पहिल्यांदा केंद्रावर दिसता कामा नये. झेरॉक्सच्या दुकानात कोऱ्या ओएमआरच्या दहा प्रती काढून घरी सराव घ्या. दिव्यांग मुलांना दाखला दाखवल्यास ४० मिनिटं जादा मिळतात.

तारीख मागंपुढं होते. एका वर्षी आपल्याकडं ही परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला होती, पुढच्या प्रवेशासाठी ती १३ डिसेंबर २०२५ ला आली. 'जानेवारीत असते' असं धरून चालणाऱ्यांचा महिनाभराचा अभ्यास असा बुडतो.

आणि एक कडक नियम : सहावीची ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. 'यंदा अनुभव म्हणून बसवू, पुढच्या वर्षी पाचवी परत करू' हा सल्ला जो कुणी देतो तो चुकीचा आहे. पूर्वी बसलेलं मूल किंवा पाचवी पुन्हा करणारं मूल अपात्र ठरतं.

नाव आलं नाही तर

इथं पालकांची सगळ्यात जास्त दिशाभूल होते. नवोदयच्या सहावी परीक्षेत फेरतपासणी किंवा गुणांची फेरमोजणी ही सोयच ठेवलेली नाही. निकाल संगणकावर लागतो, असं समितीचं म्हणणं. म्हणजे शाळेच्या प्राचार्यांना भेटून, पुढाऱ्याचं पत्र नेऊन, अर्ज देऊन गुण वाढत नाहीत. मॅनेजमेंट कोटा, देणगीची जागा, 'दिल्लीवरून करून देतो' यातलं काहीही अस्तित्वात नाही. असं म्हणून पैसे घेणारा फसवतोय, त्याची तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी.

इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूलला प्रवेश नाकारला तर पालकाला स्वतंत्र अपील समितीपुढं जाऊन म्हणणं मांडता येतं, तो तिथल्या कायद्यातला हक्क आहे. आपल्याकडं एवढ्या मोठ्या परीक्षेला असं एकही दार नाही, ही उणीव म्हणावी लागेल. तोवर जे मार्ग आहेत ते असे.

पहिला, प्रतीक्षायादी. निवड झालेल्यांपैकी काही मुलं येत नाहीत, काहींची कागदपत्रं पडताळणीत टिकत नाहीत. त्या जागा प्रतीक्षायादीतून भरतात. नाव आलं नाही म्हणून कागदपत्रं कपाटात टाकू नयेत, मोबाईल बंद ठेवू नये.

दुसरा, माहितीचा अधिकार. नवोदय समिती केंद्राची असल्यानं अर्ज केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं दुसरं. परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ९ ऑगस्ट २०११ ला केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिला आहे. त्याचा दाखला देऊन आपल्या मुलाच्या ओएमआरची प्रत, त्याचे गुण आणि आपल्या जिल्ह्यात त्या प्रवर्गात शेवटची निवड किती गुणांवर झाली, एवढं विचारावं. दुसऱ्या मुलांचे गुण नावानिशी मागू नयेत, खासगी माहिती म्हणून तो अर्ज अडकतो. अर्ज लवकर करावा, कारण उत्तरपत्रिका कायम ठेवत नाहीत. आणि हेही पक्कं लक्षात असू द्या की माहिती मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. ओएमआर वाचण्यात किंवा प्रवर्ग लावण्यात उघड चूक निघाली तरच पुण्याच्या विभागीय कार्यालयाकडं लेखी मागणी करण्यात अर्थ आहे, आणि तिथं दाद नाही लागली तर उच्च न्यायालय. तिथवर जाण्याचा खर्च आणि वेळ धरून ठरवावं.

तिसरा प्रसंग वेगळाच : निवड होते, आणि पडताळणीत 'शाळा शहरी आहे' म्हणून नाव कापतात. इथं मात्र भांडायला जागा असते. नाव का कापलं ते लेखी मागा, शाळा ज्या गावात आहे त्या ग्रामपंचायतीचा आणि तहसीलचा दाखला जोडा, आणि प्राचार्यांच्या मार्फत लगेच विभागीय कार्यालयाकडं पाठवा. तोंडी बोलून परत येऊ नका. जागा प्रतीक्षायादीला गेली की परत मिळवणं अवघड.

शिष्यवृत्तीत दाद मागता येते

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा ही गावोगावची ओळखीची परीक्षा. पूर्वी चौथी आणि सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला झाली. आता शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीकडं नेण्याचा निर्णय घेतलाय, आणि बदलाच्या वर्षात, म्हणजे २०२५-२६ ला, दोन्ही गटांसाठी परीक्षा ठेवली. त्यामुळं आपलं मूल कुठल्या वर्षी बसणार हे शाळेत विचारून घ्या.

पाचवीच्या परीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. दोन्ही पेपरात किमान ४० टक्के मिळाले तर पात्र, आणि पात्र मुलांतून गुणवत्ता यादी लागते. २०२३ मध्ये रक्कम वाढली : पाचवीच्या शिष्यवृत्तीधारकाला वर्षाला ५,००० रुपये तीन वर्षं, आठवीच्या ७,५०० रुपये दोन वर्षं.

इथं तक्रारीला दोन जागा आहेत. परीक्षेनंतर आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर होते, तिच्यातलं उत्तर चूक वाटलं तर ठरलेल्या मुदतीत पालकालाही ऑनलाइन आक्षेप घेता येतो. पाठ्यपुस्तकातलं पान दाखवून घेतलेला आक्षेप टिकतो, 'आमच्या सरांनी असं सांगितलं' हा टिकत नाही. आक्षेप तपासून अंतिम सूची लागते आणि तीच तपासणीला वापरतात. मग अंतरिम निकाल येतो. त्यानंतर गुणपडताळणी, पेपरला ५० रुपये, अर्ज शाळेच्या लॉगिनमधून. नावातल्या चुकाही याच वेळी दुरुस्त करायच्या. गोम अशी की मुदत थोड्या दिवसांची, आणि बऱ्याचदा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आसपास येते. गुरुजी गावी गेलेले असतात, लॉगिन त्यांच्याकडं. निकालाच्या आधीच मुख्याध्यापकांचा नंबर घेऊन ठेवावा.

बाकीचे रस्ते

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस आहे. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत, सातवीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. विनाअनुदानित इंग्रजी शाळेतल्या मुलांना ही मिळत नाही, हे शाळा बदलताना कुणी सांगत नाही.

साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासूनची, तिथं सहावी आणि नववीला देशपातळीवरच्या परीक्षेतून प्रवेश होतो आणि आता मुलींनाही. नवोदयसारखी ती मोफत नाही, फी बघून ठरवावं.

पुण्यात सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी आहे. डॉ. वि. वि. पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी १९६२ ला संस्था काढली, १९६९ ला प्रशाला सुरू झाली. पाचवीला बुद्धिमत्ता चाचण्या घेऊन मुलं निवडतात. शाळा निवासी नाही, नांद्यातून रोजचं येणं-जाणं दहा वर्षांच्या पोराला झेपेल का याचा विचार आधी. शिवाय पाचवीला तिथं गेलं की नवोदयचा ग्रामीण कोटा संपला, दोन्ही एकदम जमत नाही.

नवोदयला नाव लागलं तरी एक गोष्ट घरात बोलून ठेवायला हवी. अकराव्या वर्षी मूल होस्टेलला जातं, भेटीचे दिवस ठरलेले असतात. नववीला जवळपास तीस टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. मुलगा असला तर घरचे तयार होतात, मुलगी म्हटली की 'इतक्या लांब कशाला'. किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या नावानं ठेवलेल्या असताना फॉर्मच भरायचा नाही, याला काय म्हणावं.

सहावीला हुकलेल्यांसाठी नववीला रिकाम्या जागांवर वेगळी परीक्षा होते. आठवीत जिल्ह्यातच शिकणारं मूल ती देऊ शकतं, आधी सहावीची परीक्षा दिली असली तरी. अडीच तास, १०० प्रश्न : गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. जागा मोजक्या असतात आणि फॉर्म आठवीच्या पहिल्या सत्रातच भरावा लागतो.